शहापूर व मुरबाड तालुक्यांतील विहीर-पंपांच्या विद्युत मोटरींची ऊर्जा कार्यक्षमता

विहीर, विंधन विहीर (बोअर), नदी किंवा ओढा यांतून पाणी उपसणाऱ्या पंपसंचाला पुरवलेल्या विजेचा जितका भाग प्रत्यक्ष पाणी वर उचलण्याच्या कामी येतो, त्या प्रमाणास पंपसंचाची ऊर्जा कार्यक्षमता म्हणतात. ती टक्क्यांत सांगतात. महाराष्ट्राच्या ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड हे तालुके भरपूर पावसाचे, परंतु उन्हाळ्यात पाणीटंचाईचे आहेत. येथील रब्बी भाजीपाला आणि पाड्यापाड्यांवरील नळपाणी योजना लहान विद्युत पंपांवर अवलंबून असतात. अशा पंपांत विजेचा अपव्यय एकट्या मोटरीत होत नाही. पंपाची चुकीची निवड, अरुंद पाइप, अपुरा विद्युतदाब, निकृष्ट दुरुस्ती आणि ऋतूनुसार बदलणारी पाण्याची पातळी यांचा त्यातील वाटा बहुधा मोटरीपेक्षा मोठा असतो. त्यामुळे कार्यक्षमता वाढवण्याचे उपाय मोटर, पंप, पाइप आणि विहीर यांचा एकत्र विचार करून ठरवावे लागतात.

भौगोलिक पार्श्वभूमी

दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले आहेत. शहापूरच्या पूर्वेस कसारा घाट, तर मुरबाडच्या पूर्वेस माळशेज घाट व नाणेघाट आहे. भातसा, तानसा, वैतरणा, काळू आणि शाई या या परिसरातील प्रमुख नद्या होत. पावसाळ्याच्या चार महिन्यांत येथे सुमारे २,५०० मिलिमीटर वा त्याहून अधिक पाऊस पडतो. मात्र जमिनीखाली दख्खनच्या पठाराचा काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट आहे. या खडकात पाणी फक्त भेगांत, सांध्यांत आणि झिजलेल्या थरांत साठते. उतार तीव्र असल्याने पावसाचे बरेचसे पाणी वाहून जाते व भूजलाचा साठा मर्यादित राहतो. नोव्हेंबरमध्ये काठोकाठ दिसणारी विहीर एप्रिल-मेमध्ये तळ गाठते, असा अनुभव अनेक गावांत येतो. त्या काळात दोन्ही तालुक्यांतील काही गावपाड्यांना टँकरने पाणी पुरवावे लागते.

मुंबईला पाणी पुरवणारी तानसा, मोडकसागर व भातसा ही धरणे शहापूर तालुक्याच्या परिसरात आहेत. मुरबाड तालुक्यातील बारवी धरण औद्योगिक क्षेत्रांना व शहरांना पाणी देते. १८९२ मध्ये पूर्ण झालेल्या तानसा धरणाचे पाणी मुख्यतः उतारावरून, गुरुत्वाकर्षणाने मुंबईकडे वाहते. त्याच तालुक्यातील टेकडीवरच्या पाड्याला मात्र दरीतील विहिरीचे पाणी विजेच्या मोटरीने वर चढवावे लागते. म्हणून पंपाची कार्यक्षमता हा या भागात पाण्याच्या उपलब्धतेशी थेट जोडलेला प्रश्न आहे.

येथील शेतीत भात हे मुख्य खरीप पीक असून त्याला पंपाची गरज क्वचितच भासते. भातकापणीनंतर भेंडी, काकडी, वांगी, मिरची, कलिंगड यांसारखी पिके विहीर, ओढा, बंधारा वा कालव्याच्या पाण्यावर घेतली जातात. परिणामी शेतीचा पंप वर्षातून काही महिनेच चालतो. याउलट ग्रामपंचायतीच्या नळपाणी योजनेचा पंप जवळजवळ वर्षभर दररोज चालतो. कोणता उपाय कोठे परवडतो, हे ठरवताना हा फरक निर्णायक असतो.

पंपसंचाची रचना व प्रकार

विजेचे पंप येण्यापूर्वी महाराष्ट्रात पाणी मोट व रहाट यांनी उपसले जाई. विसाव्या शतकात अपकेंद्री पंप व त्रिकला (थ्री-फेज) प्रेरण मोटर यांची जोडी रूढ झाली. प्रेरण मोटरीत स्टेटरच्या गुंडाळ्यांतील प्रवाहामुळे फिरते चुंबकीय क्षेत्र निर्माण होते व त्याच्या प्रेरणेने रोटर फिरू लागतो. रोटरला ब्रश किंवा वेगळी जोडणी लागत नसल्याने ही मोटर टिकाऊ व देखभालीस सोपी असते.

शहापूर-मुरबाड परिसरात मुख्यतः तीन प्रकारचे पंप वापरले जातात:

– मोनोब्लॉक पंप: मोटर व पंप एकाच दांड्यावर असलेला हा संच जमिनीवर बसवतात. नदी, ओढा, कालवा व उथळ विहिरींसाठी तो उपयुक्त असतो. वातावरणीय दाबाच्या मर्यादेमुळे तो व्यवहारात सुमारे ६ ते ७ मीटर खोलीपर्यंतच पाणी ओढू शकतो.

– ओपनवेल पाणबुडी पंप: हा उघड्या विहिरीत पाण्याखाली आडवा ठेवतात. त्याला पाणी ओढावे लागत नाही, फक्त वर ढकलावे लागते. त्यामुळे फूटवॉल्वची गरज नसते.

– बोअरवेल पाणबुडी (सबमर्सिबल) पंप: लांब, बारीक मोटर खाली आणि तिच्यावर अनेक टप्प्यांचा पंप अशी याची रचना असते. बोअरच्या व्यासात मावण्यासाठी मोटर बारीक ठेवावी लागते. त्यामुळे तिची कार्यक्षमता त्याच शक्तीच्या जमिनीवरील मोटरीपेक्षा साधारणतः कमी असते.

त्रिकला जोडणी नसलेल्या पाड्यांत एक ते दीड अश्वशक्तीच्या एककला (सिंगल-फेज) मोटरी आढळतात. समान शक्तीच्या त्रिकला मोटरीच्या तुलनेत त्यांची कार्यक्षमता कमी असते.

ऊर्जेचा हिशेब

एक घनमीटर म्हणजे १,००० लिटर पाणी १ मीटर उंच उचलण्यास किमान ९.८१ किलोजूल म्हणजे सुमारे ०.००२७ युनिट वीज लागते. या हिशेबाने तेच पाणी ३० मीटर उचलण्यास किमान ०.०८२ युनिट लागेल. पंपसंचाची एकूण कार्यक्षमता २५ टक्के असेल, तर प्रत्यक्षात ०.३३ युनिट खर्च होईल आणि ती ४५ टक्के असेल, तर ०.१८ युनिट. रोज २० घनमीटर पाणी १०० दिवस उपसणाऱ्या पंपाच्या बाबतीत हा फरक सुमारे २९० युनिटांचा होतो.

एकूण कार्यक्षमता ही साखळीतील प्रत्येक दुव्याच्या कार्यक्षमतेचा गुणाकार असते. समजा मोटरीची कार्यक्षमता ८० टक्के, पंपाची ५० टक्के आणि पाइप व वॉल्वची ७५ टक्के आहे. मग एकूण कार्यक्षमता ०.८० × ०.५० × ०.७५ म्हणजे ३० टक्के भरते. फक्त मोटर बदलून तिची कार्यक्षमता ८६ टक्के केली, तर एकूण आकडा सुमारे ३२ टक्क्यांवर जातो. त्याऐवजी मोटर तीच ठेवून योग्य पंप (६५ टक्के) व रुंद पाइप (९० टक्के) बसवले, तर तो सुमारे ४७ टक्के होतो. साखळीतील सर्वांत दुबळा दुवा सुधारल्याने सर्वाधिक लाभ होतो, हे या उदाहरणावरून दिसते.

मोटरीतील ऊर्जाऱ्हास

प्रेरण मोटरीतील ऊर्जाऱ्हास पाच प्रकारचा असतो: स्टेटरच्या तांब्याच्या गुंडाळ्यांत निर्माण होणारी उष्णता, रोटरच्या दांड्यांतील उष्णता, लोखंडी गाभ्यातील चुंबकीय ऱ्हास, बेअरिंग व हवेचे (पाणबुडी मोटरीत पाण्याचे) घर्षण आणि इतर किरकोळ ऱ्हास. अधिक तांबे, पातळ व उच्च प्रतीचे सिलिकॉन पोलादाचे पत्रे, अधिक लांब गाभा आणि चांगल्या बेअरिंग वापरून हे ऱ्हास कमी करता येतात. अर्थात त्यामुळे मोटरीची किंमत वाढते.

आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात मोटरींना आयई-१, आयई-२, आयई-३, आयई-४ असे चढते दर्जे दिले जातात. ५० हर्ट्‌झ वीजपुरवठ्यावरील ४ किलोवॉट क्षमतेच्या चार ध्रुवी मोटरीसाठी आयई-१ दर्जाची किमान कार्यक्षमता ८३.१ टक्के, आयई-२ची ८६.६ टक्के आणि आयई-३ची ८८.६ टक्के आहे. भारतात अशा मोटरींसाठी आयएस १२६१५ हे मानक लागू आहे. बोअरवेलच्या पाणबुडी पंपसंचांसाठी आयएस ८०३४, ओपनवेल पंपसंचांसाठी आयएस १४२२० आणि मोनोब्लॉकसाठी आयएस ९०७९ ही वेगळी मानके आहेत.

पूर्ण भारावर चालणारी ४ किलोवॉटची मोटर आयई-१ऐवजी आयई-३ दर्जाची घेतली, तर दर तासाला सुमारे ०.३ युनिट वीज वाचते. वर्षातून ५०० तास चालणाऱ्या शेतीपंपावर ही बचत सुमारे १५० युनिट होते, तर वर्षातून २,५०० तास चालणाऱ्या गावच्या पाणीपुरवठा पंपावर सुमारे ७५० युनिट. म्हणून महाग, उच्च दर्जाची मोटर प्रथम पाणीपुरवठा योजनांवर बसवणे अधिक फायद्याचे ठरते.

अकार्यक्षमतेची कारणे

चुकीची निवड. प्रत्येक पंप एका ठरावीक उपसा-उंचीला (व्यवहारात ‘हेड’) व प्रवाहाला सर्वोत्तम कार्यक्षमतेने चालतो. त्यापासून दूर गेल्यास कार्यक्षमता झपाट्याने घटते. शेतकरी बहुधा सर्वांत वाईट परिस्थिती, म्हणजे मे महिन्यातील खोल पातळी, गृहीत धरून पंप घेतो. तोच पंप डिसेंबरमध्ये पाणी वर असताना चालवला, की हेड कमी पडून प्रवाह वाढतो, मोटरीवर भार येतो आणि वॉल्व आवळून चालवल्यास ऊर्जा वॉल्वमध्येच वाया जाते. जास्त हेडचा बोअरचा पंप ओढ्यावर लावल्यासही हेच घडते.

गरजेपेक्षा मोठी मोटर. कमी विद्युतदाबावरही पंप सुरू व्हावा आणि शेजाऱ्यापेक्षा पाणी लवकर मिळावे, या अपेक्षेने ३ अश्वशक्ती पुरेशी असताना ५ अश्वशक्तीची मोटर बसवली जाते. निम्म्याहून कमी भारावर मोटरीची कार्यक्षमता घटते व शक्तिगुणक (पॉवर फॅक्टर) बराच खालावतो. बोअरचा झरा मोठ्या पंपाला पुरत नाही, तेव्हा पंप थांबत थांबत चालतो. पाणी संपल्यावरही तो चालू राहिला, तर मोटर जळण्याची शक्यता असते.

अपुरा विद्युतदाब. त्रिकला जोडणीचा दाब सुमारे ४१५ व्होल्ट असावा लागतो. लांब लघुदाब वाहिनीच्या टोकाला तो त्याहून बराच खाली येतो. मोटरीचे वळणबल दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. दाब २० टक्क्यांनी कमी झाला, तर उपलब्ध बल ६४ टक्केच राहते. तोच भार ओढण्यासाठी मोटर अधिक प्रवाह घेते. प्रवाह २५ टक्क्यांनी वाढल्यास गुंडाळ्यांतील उष्णता सुमारे ५६ टक्क्यांनी वाढते. एक फेज गेल्यास उरलेल्या दोन फेजवर चालणारी मोटर लवकर जळते.

दुरुस्ती. जळलेली मोटर तालुक्याच्या ठिकाणी किंवा बाजारपेठेच्या गावात रिवाइंडिंगला दिली जाते. जुन्या गुंडाळ्या काढताना गाभा जास्त तापवला गेला, कमी जाडीची तार वापरली किंवा वेढ्यांची संख्या बदलली, तर मोटर चालू होते, पण पूर्वीपेक्षा जास्त वीज घेते. मूळ जाडीची तार, मूळ वेढे व गाभ्याची काळजी राखली, तर रिवाइंडिंगनंतरही कार्यक्षमता जवळपास टिकते.

पाइप व फूटवॉल्व. पाइपमधील घर्षणाने होणारा ऱ्हास समान प्रवाहासाठी व्यासाच्या साधारण पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो. ५० मिलिमीटरऐवजी ६५ मिलिमीटर व्यासाचा पाइप वापरल्यास तो सुमारे एक चतुर्थांश होतो. गंजलेले लोखंडी पाइप, अनावश्यक काटकोनी वळणे आणि अरुंद छिद्रांचा फूटवॉल्व यांमुळे हेड विनाकारण वाढते.

सुधारणेचे उपाय

खर्चाच्या चढत्या क्रमाने उपाय पुढीलप्रमाणे मांडता येतात:

१. मोजमाप: पंप बदलण्यापूर्वी पाण्याची पातळी, प्रवाह व विजेचा वापर मोजणे. उदाहरणार्थ, २०० लिटरचे पिंप ८० सेकंदांत भरत असेल, तर प्रवाह सेकंदाला २.५ लिटर होतो. एकूण हेड ३० मीटर असल्यास पाण्याला मिळणारी शक्ती सुमारे ०.७४ किलोवॉट असते. वीजमीटरवर तासाला २.६ युनिट पडत असतील, तर एकूण कार्यक्षमता सुमारे २८ टक्के ठरते.

२. कपॅसिटर: योग्य क्षमतेचा शंट कपॅसिटर मोटरीच्या जोडणीजवळ बसवल्यास शक्तिगुणक सुधारतो. ५ अश्वशक्तीच्या मोटरीस साधारण २ केव्हीएआर क्षमतेचा कपॅसिटर लावतात. त्यामुळे वाहिनीतील प्रवाह घटून सर्वांच्याच टोकाचा दाब थोडा सुधारतो. मोटरीच्या आतील ऱ्हास मात्र त्याने कमी होत नाही.

३. ऑटोस्विच टाळणे: वीज येताच सर्व मोटरी एकदम सुरू झाल्यास सुरुवातीच्या मोठ्या प्रवाहाने दाब कोसळतो व रोहित्र (डीपी) जळू शकते. मोटरी थोड्या थोड्या अंतराने सुरू केल्यास हे टळते.

४. पाइप व वॉल्व बदलणे: मोठ्या व्यासाचे पीव्हीसी किंवा एचडीपीई पाइप, कमी घर्षणाचा फूटवॉल्व आणि कमी वळणे.

५. संरक्षक उपकरणे: एक फेज गेल्यास, दाब घसरल्यास किंवा विहीर कोरडी पडल्यास मोटर बंद करणारे रिले. मोटर जळणे टळले, की रिवाइंडिंगमुळे होणारी घटही टळते.

६. योग्य पंपाची निवड: सर्वाधिक तास ज्या पातळीवर पंप चालतो, त्या पातळीला सर्वोत्तम कार्यक्षमता देणारा, शक्य तर ताऱ्यांचे मानांकन असलेला पंपसंच घेणे. नदीवर आणि बोअरवर एकच पंप आलटूनपालटून वापरणे टाळावे.

७. वेगनियंत्रक: विद्युतप्रवाहाची वारंवारता बदलून मोटरीचा वेग कमी-जास्त करणारे उपकरण (व्हीएफडी). घर्षणप्रधान हेड असेल तेथे वेग ८० टक्के केल्यास लागणारी शक्ती जवळपास निम्मी होते. खोल विहिरीत मात्र बहुतेक हेड पाण्याच्या खोलीचे असल्याने वेग फार कमी करता येत नाही, नाहीतर पाणी वर येणेच थांबते. हा खर्च मोठ्या नळपाणी योजनांना परवडू शकतो; लहान शेतकऱ्याला क्वचितच.

तेलविहिरींच्या पंपांशी तुलना

शहापूर-मुरबाडच्या बेसाल्टमध्ये खनिज तेल नाही. तरीही येथील बोअरमध्ये उतरवला जाणारा पाणबुडी पंप आणि तेलविहिरीतील पाणबुडी पंप एकाच कुळातील आहेत. रशियन साम्राज्यात जन्मलेले अभियंते आर्मेस अरुतुनॉफ यांनी विकसित केलेला विद्युत पाणबुडी पंप १९२० च्या दशकात अमेरिकेतील तेलक्षेत्रांत वापरात आला. अरुंद छिद्रात मावणारी लांब मोटर आणि तिच्यावर रचलेले पंपाचे अनेक टप्पे ही रचना दोन्हीकडे सारखीच आहे.

तेलक्षेत्रातील मोटरींनाही गरजेपेक्षा मोठ्या निवडीचा दोष जडलेला असतो. डोलणाऱ्या तुळईच्या दंडपंपात प्रत्येक फेऱ्यात भार चढतो व उतरतो. सर्वोच्च भारासाठी निवडलेली मोटर त्यामुळे सरासरीने बऱ्याच कमी भारावर चालते. तेथे तुळईचा समतोल नीट साधणे, वेगनियंत्रक वापरणे, विहीर रिकामी होताच पंप थांबवणे आणि स्थायी चुंबकाच्या मोटरी बसवणे हे उपाय योजले जातात. तत्त्वे समान असली, तरी मोजमापात मोठा फरक आहे. तेलविहिरीच्या पंपाचा प्रवाह, दाब व वीजवापर यांवर देखरेख ठेवली जाते. शेतकऱ्याच्या पंपाचा दाब वा प्रवाह सहसा कोणी मोजत नाही. त्यामुळे अकार्यक्षमता मोटर जळेपर्यंत लक्षात येत नाही.

धोरणे व योजना

महाराष्ट्रात १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात शेतीपंपांसाठी अश्वशक्तीवर आधारित ठोक वीजदर आला. किती वीज वापरली याचा बिलाशी संबंध न राहिल्याने कार्यक्षम पंप घेण्याचे आर्थिक कारण क्षीण झाले. पुण्यातील ‘प्रयास’ या संस्थेच्या गिरीश संत व शंतनू दीक्षित यांनी १९९६ मध्ये भारतातील शेतीपंपांची कार्यक्षमता व त्यासाठी मानकांची भूमिका यांवर अभ्यासपूर्ण लेखन केले.

ऊर्जा संवर्धन अधिनियम, २००१ अन्वये २००२ मध्ये केंद्रीय ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो स्थापन झाला. २००६ मध्ये त्याने उपकरणांना तारे देण्याची मानांकन योजना सुरू केली. पंपसंचही पुढे तिच्या कक्षेत आले. ब्यूरोच्या कृषी मागणी-व्यवस्थापन कार्यक्रमाचा सुरुवातीचा पथदर्शी प्रकल्प महाराष्ट्रातच, सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा परिसरात राबवण्यात आला. त्यात दोन हजारांहून अधिक जुने पंप बदलून तारांकित पंप बसवण्यात आले.

शहापूर व मुरबाड हे तालुके महावितरणच्या कल्याण परिमंडळात येतात. राज्यात शेतीच्या वाहिन्या गावठाणाच्या वाहिन्यांपासून वेगळ्या करणे आणि उच्चदाब वितरण प्रणालीद्वारे एक-दोन पंपांसाठी लहान स्वतंत्र रोहित्र देणे, या उपायांमुळे लघुदाब वाहिनीची लांबी घटून मोटरीला पुरेसा दाब मिळू शकतो.

२०२४ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेनुसार ७.५ अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज मिळते. राज्यातील शेतीपंप ग्राहकांची संख्या सुमारे ४७ लाख असून एकूण वीजवापराच्या सुमारे ३० टक्के वीज त्यांना लागते. वीज मोफत असताना बचतीचा थेट लाभ शेतकऱ्याला न मिळता शासनाला व वीज कंपनीला मिळतो. शेतकऱ्याच्या दृष्टीने कार्यक्षम पंपाचा लाभ वेगळा असतो: मर्यादित तासांच्या पुरवठ्यात अधिक पाणी आणि मोटर जळण्याचे प्रसंग कमी. ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठा योजनांना मात्र वीजबिल भरावे लागते. थकबाकीमुळे जोडणी तोडली गेल्यास नळ कोरडे पडतात. म्हणून अशा योजनांत कार्यक्षमतेचे मूल्य बिलात लगेच दिसते.

सौर पंप

केंद्राची पीएम-कुसुम योजना (२०१९) व राज्याची ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजना (२०२४) यांद्वारे अनुदानित सौर पंप दिले जातात. राज्याच्या योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के, तर अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांचा ५ टक्के असतो. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी व वारली समाजांची वस्ती असलेल्या या तालुक्यांत ही तरतूद महत्त्वाची आहे. अडीच एकरांपर्यंतच्या धारकास ३ अश्वशक्तीचा पंप अनुज्ञेय असतो.

सौर पंपात मोटरीच्या कार्यक्षमतेचे महत्त्व वाढते, कारण वाया जाणाऱ्या प्रत्येक वॉटसाठी जास्तीचे सौर पटल बसवावे लागते. त्यामुळे अशा संचांत स्थायी चुंबकाच्या ब्रशविरहित मोटरी किंवा वेगनियंत्रकावर चालणाऱ्या प्रेरण मोटरी वापरतात. सकाळी-संध्याकाळी ऊन कमी असताना वेग आपोआप उतरतो.

डोंगरी व आदिवासी पाड्यांसाठी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेने राज्यात दुहेरी पंप योजना राबवली आहे. तिच्यात एकाच विंधन विहिरीत हातपंप आणि लहान सौर पाणबुडी पंप असे दोन्ही बसवतात. ऊन असताना टाकी भरते व मोटर बंद पडल्यास हातपंपाने पाणी मिळत राहते. पाड्याची गरज लहान असल्याने मोटर लहान व नेमक्या क्षमतेची ठेवता येते.

गुरुत्वीय पर्याय

जेथे स्रोत वस्तीपेक्षा उंचावर आहे, तेथे मोटरच टाळणे हा सर्वांत कार्यक्षम उपाय होय. इगतपुरी तालुक्यातील भावली धरणाचे पाणी घाटाच्या उतारावरून शहापूर तालुक्यातील गावपाड्यांना देण्याची योजना याच तत्त्वावर आखलेली आहे. लहान प्रमाणात डोंगरातील झऱ्याचे पाणी पाइपने खालच्या पाड्यावर आणता येते. वनराई बंधाऱ्यांसारख्या उपायांनी विहिरीची पातळी वर राहिली, तर उपसा-उंची कमी होऊन पंपाची वीजही वाचते. पातळी ५ मीटरने वर राहिल्यास २० मीटर हेडच्या विहिरीत पाण्याला लागणारी किमान ऊर्जा एक चतुर्थांशाने घटते.

मर्यादा

कार्यक्षमता वाढल्याने पाण्याचा वापर आपोआप घटत नाही. तितक्याच तासांत अधिक पाणी उपसता येऊ लागल्यास बेसाल्टमधील तुटपुंजा साठा लवकर संपू शकतो. त्याचा पहिला फटका शेजारच्या उथळ विहिरींना व पिण्याच्या पाण्याच्या स्रोतांना बसतो. सौर पंपाच्या बाबतीत ऊर्जेचा चालू खर्च नसल्याने हा धोका अधिक असतो. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ मध्ये सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतांच्या संरक्षणाची तरतूद आहे. भाजीपाल्यासाठी ठिबक सिंचन, आच्छादन व पिकाच्या गरजेनुसार पाणी देणे यांची जोड मिळाली, तर वाचलेल्या विजेबरोबर पाणीही वाचते.

दुसरी मर्यादा वापराच्या तासांची आहे. वर्षातून काही महिने चालणाऱ्या लहान पंपावर महागड्या मोटरीचा जादा खर्च भरून निघण्यास बरीच वर्षे लागतात. तेथे फूटवॉल्व, पाइप, संरक्षक रिले व चांगले रिवाइंडिंग हे उपाय आधी येतात. वर्षभर चालणाऱ्या पाणीपुरवठा पंपांवर उच्च दर्जाची मोटर, योग्य टप्प्यांचा पंप आणि वीजवापराची नियमित नोंद यांना प्राधान्य मिळते. दोन्हीकडे, मे महिन्यातील विहिरीची पातळी आणि नोव्हेंबरमधील पातळी अशी दोन मोजमापे हाती असल्याशिवाय पंपाची योग्य निवड होऊ शकत नाही.

हेही पाहा

– कृषिपंप
– प्रेरण मोटर
– अपकेंद्री पंप
– विंधन विहीर
– भातसा धरण
– सौर पंप